झडप

तिसऱ्या फेरीनंतरही जीन्सचा कमरपट्टा ओलाच.
मी म्हटलं, हवाच अशी.
ऑगस्टमधलं फहाहील,
खिडकीच्या काचा बाहेरून घामेजलेल्या,
यात काय वाळणार!

गच्चीवर दोरी बांधायला जागा नाही,
टाक्या आणि डिश अँटेना.
शिवाय तोझ उठला की पांढरा युनिफॉर्म
चहात बुडवल्यासारखा खाली येतो.
म्हणून हा ड्रायर.
लिसम्मा कायमची गावी परतली तेव्हा
पंचवीस दिनारला देऊन गेली,
वर अर्धी बाटली फिनेल फुकट.

मग त्याचं झाकण तापायला लागलं.
एसीत गोठलेलं खोबरेल तेल त्यावर ठेवलं
की पाच मिनिटांत पातळ.
मला ते सोयीचंच वाटलं.

मग मागच्या भिंतीला पोपडे.
मग एक वास,
इस्त्री विसरल्यावर येतो तसा,
पण इस्त्री तर कपाटात.

मी छातीच्या वॉर्डात आहे, अकरा वर्षं.
माणूस दारातून आत येतानाच
त्याच्या खांद्यांवरून सांगते, श्वास कुठे अडतोय.
घरात मात्र
रोज तासभर ती धाप ऐकत
भेंडी चिरत बसले.

याकूब सुर्वे शुक्रवारी आले, नमाजानंतर.
खेडच्या बाजूचे. खांद्यावर लांब दांड्याचा ब्रश,
विहिरीतला गाळ काढायला निघाल्यासारखा.
यंत्राला हात लावण्याआधी विचारलं,
"ही जाळी कधी काढता?"
कुठली जाळी?
त्यांनी मान वर केली नाही,
तेवढी सभ्यता पाळली.

जाळीवर बोटभर जाडीची गोधडी.
"दर खेपेला काढायची, ताई. दर खेपेला.
तांदूळ धुतल्याशिवाय भात लावता का?"

यंत्र पुढे ओढलं.
मागे चंदेरी कागदाची मऊ नळी
भिंतीशी चेपून तीन ठिकाणी मुडपलेली.
त्यांनी ती उभी धरून झटकली
आणि वर्तमानपत्रावर पडली
आमची तीन वर्षं:
राखी, त्यात स्क्रबचा निळा,
टॉवेलचा लाल,
आणि मध्येच एक मोरपंखी पट्टा.
मोरपंखी माझ्याकडे काहीच नाही.
लिसम्माचा तो गाऊन.

चिमूटभर घेऊन सिंकमध्ये लायटर लावला त्यांनी.
फुस्स.
डोळा मिटायच्या आत काही उरलं नाही.
"लावून झोपता? ड्युटीला जाता?"
मी नळ सोडला,
उत्तर त्याच्या आवाजात गेलं.

नवी नळी पत्र्याची, कडक,
आखूड, एकच वळण.
मग स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून वाकून
बाहेरच्या तोंडात हात घातला,
तर तिथं साळुंकीचं सोडून दिलेलं घरटं:
काड्या, बिस्किटाचा कागद,
आणि अस्तर आमच्याच कपड्यांचं.
झडप कधीची अर्धवट उघडी अडकलेली.
"ही हलली पाहिजे. हलली नाही
तर मला फोन करायचा, यंत्र लावायचं नाही."
चहाला थांबले नाहीत,
खाली दुसरं गिऱ्हाईक होतं.

मोरपंखी चिमूट ठेवणार होते.
मग नाही ठेवली. पेटते ती.

यंत्राच्या कुशीवर मार्करने तारीख लिहिली,
खाली सहा महिन्यांनंतरची,
केसपेपरवर लिहिते तशी.
रात्री लिसम्माला फोन लावला,
पहिल्यांदाच इतक्या दिवसांनी,
म्हटलं, तिकडे ड्रायर घेतलास तर जाळी बघ.
ती हसली. म्हणाली,
इथे दोरी आहे गं. दोन फणसांच्या मध्ये.
मग बराच वेळ दोघी
कपड्यांबद्दल सोडून सगळं बोललो.

आता कपडे टाकले की मी खाली उतरते.
पार्किंगच्या तापल्या फरशीवर उभी राहून
तिसऱ्या मजल्याकडे बघते.
वॉचमनला वाटतं, कुणाची वाट बघतेय.

उचलते. पडते.
उचलते.